बाळाच्या आधीचा घास

पोटात लेकरू आणि छातीत गाठ, असं ज्या घरात एकाच वेळी झालं आहे, त्या घरासाठी मी हे लिहिते. आजारी माझी लेक मनीषा पडली, मी नाही. पण ती म्हणाली, "माय, तूच लिही. मी सांगायला बसले की तोंडात परत तीच लोखंडाची चव येती." म्हणून मी बसले. बसले म्हणजे काय, चार ओळी लिहायच्या, उठायचं, दाराशी जाऊन यायचं, परत चार ओळी. त्या दिवसांपासून माझ्या पायांना एका जागी राहायची सवयच उरली नाही.

दुधाची गाठ

आम्ही अंकुशनगरचे, साखर कारखान्याच्या वसाहतीतले. मनीषा मंठ्याला दिलेली. जावई गजानन, विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो. सासरे नाहीत. सासू गयाबाई, माझ्या इहीणबाई. लग्नाला सहा वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. गयाबाईंनी राजूरच्या गणपतीला नवस बोलला, पोरांनी दवाखानेही केले, आणि एकदाचे दिवस राहिले.

चौथा महिना चालू असताना मनीषाच्या हाताला डाव्या छातीत गाठ लागली. बोराएवढी. दुखत नव्हती. तिनं सासूला दाखवली, सासूनं शेजारणीला, शेजारणीनं आपल्या जावेला. सगळ्यांचं एकच मत पडलं, दुधाची गाठ. आणि नुसतं मत नाही, आनंद. गयाबाईंनी मला फोन करून सांगितलं, "आत्तापासूनच दूध उतरून राह्यलं, इहीणबाई. लेकरू नशिबाचं हाय." त्या एरंडाचं पान तव्यावर गरम करून रोज बांधायच्या. मीही इकडं वसाहतीत दोघीतिघींना सांगून आले. ज्या घरानं इतकी वर्षं वाट बघितली, त्या घराला गाठसुद्धा शकुनाची वाटते. दुसरं काही असेल हे कुणाच्या मनातच आलं नाही. पोट राहिलं की छाती भरणारच ना.

बोराचं लिंबू झालं. बाळाची सोनोग्राफी करायला जालन्याला गेली तेव्हा मनीषानं तिथल्या डॉक्टरीण बाईंना सहज दाखवलं. बाईंनी हात लावला आणि पोटावरचं मशीन बाजूला ठेवलं. सुई घालून तपासणी करायला सांगितली.

तुमच्याकडंही कुणी दुधाची गाठ म्हणत असेल तर म्हणू द्या. पण दाखवून या. एवढंच सांगून पुढं जाते.

"मंग ठीक हाय"

रिपोर्टच्या दिवशी मी अंकुशनगरहून थेट जालन्याला गेले. आत मनीषा, गजानन आणि मी. डॉक्टरीण बाई हळू बोलत होत्या. कॅन्सर हा शब्द त्यांनी एकदाच उच्चारला. गजानन आपल्या हाताकडं बघत राहिला. त्याच्या नखात मोटारीचं काळं कायम असतं, तेच उकरत बसला.

मनीषानं विचारलं, "लेकराला लागलंय का?"

"नाही. सहसा हा आजार बाळापर्यंत जात नाही."

"मंग ठीक हाय," असं म्हणून ती उठलीच. पदर सारखा केला, पिशवी घेतली.

बाई म्हणाल्या, "बसा मनीषाताई. अजून तुमचं बोलायचंय."

ती बसली, पण मला वाटतं पुढचं तिनं काही ऐकलं नाही. ऐकलं ते मी. आजार पुढं गेलेला आहे. काखेत उतरलाय. संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात जावं लागेल, लवकर.

बाहेर आल्यावर मी पाणी आणायला गेले. बाटली आणली. मग बस किती वाजता ते विचारून आले. मग रिक्षा विचारून आले. मग परत बस. गजानन म्हणाला, "मामी, एका जागी बसा ना."

म्हटलं, "बसले तर रडीन."

तो म्हणाला, "मंग फिरा."

संभाजीनगरला लेकराला धक्का लागणार नाही अशा मशीनमध्ये तिला घातलं. पाठीच्या मणक्यात एक ठिपका निघाला. तिथल्या डॉक्टरीण बाई मनीषापेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "हा आजार आता मुळासकट काढता येणार नाही. पण दाबून ठेवता येतो, काही जणींचा वर्षानुवर्षं राहतो. औषध आताच सुरू करायला हवं. बाळाचे पहिले नाजूक महिने सरलेत, आता देता येतं. बाळंतपणापर्यंत थांबलो तर तुमचं नुकसान."

फळ आणि झाड

मंठ्याच्या घरात त्या दिवशी भाऊबंद जमले. मनीषा आत पडलेली. गजाननचे चुलते पानाला चुना लावत म्हणाले, "लेकरू काढून टाका. झाड वाचलं तर फळ पुन्हा लागंल."

गयाबाई म्हणाल्या, "फळासाठीच तर झाड लावलं ना भाऊजी. चार महिन्यांचा सवाल हाय. बाळंत झाली की घेऊ द्या की औषध. पोटात लेकरू असताना असलं गरम औषध कुणी देतं का?"

माझ्या डोक्यात गेलं. मी म्हणाले, "इहीणबाई, माझी लेक झाड न्हाई."

"माझा बी नातू काय चिंचोका न्हाई."

आमचं अजून वाढलं असतं. पण मनीषा भिंतीला धरत दारात आली. "माझ्यावर चाललंय ना? मंग मला विचारा. दोन्ही. मी औषध बी घेणार आन लेकरू बी ठेवणार. डॉक्टरीण बाई म्हणल्या होतं. ज्याला पटत न्हाई त्यानं आताच गप बसा, मला पुढं लई उलट्या व्हायच्या हायेत."

चुलत्यांनी पान तोंडात टाकलं. त्यानंतर त्यांना बोलताच येईना.

अंगणातला स्टो

गयाबाईंचे गुडघे गेलेले. दवाखान्याच्या फेऱ्या त्यांच्यानं होणाऱ्या नव्हत्या. मनीषाला अंकुशनगरला न्यावं तर गजानन म्हणे, "ती माझ्या डोळ्यापुढं राह्यली पाहिजे." तेव्हा मीच मंठ्याला राहायला गेले.

आता इथं आमची एक रीत सांगावी लागते. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं लेकीच्या घरी अन्नपाणी घ्यायचं नाही. आजकाल पुष्कळ जण मोडतात. मी मोडली नव्हती. सहा वर्षं मंठ्याला जायची ती घरून भाकरी बांधून, बाटलीत पाणी घेऊन. चहासुद्धा स्टँडवर. नातवाचं तोंड बघितलं की गयाबाईंच्या हातची पुरणपोळी खाईन, असं मनाशी धरलेलं.

मुक्कामाला आले तर मी आपला स्टो, दोन पातेली आणि पीठ घेऊन आले. अंगणाच्या कोपऱ्यात मांडलं. पाणी शेजारणीच्या नळाचं. शेजारीण म्हणाली, "मावशी, नळ एकच हाय. तुमच्या लेकीकडं बी हेच पाणी जातं."

म्हटलं, "जाऊ दे. हंडा तुझा हाय ना."

गयाबाई ओसरीवरून बघायच्या. काही बोलायच्या नाहीत, पण भांडी जोरात ठेवायच्या.

इकडं का तिकडं

औषधाचा दिवस म्हणजे पहाटेची बस. दवाखान्यात पहिलं रक्त, मग बाळाची सोनोग्राफी, मग सलाईनची खुर्ची. कॅन्सरच्या खोलीत पोटुशी बाई दिसली की प्रत्येक जण सांगायचा, "ताई, बाळंतपणाचं तिकडं." बाळंतपणाच्या खोलीत गेलं की डोक्याचा रुमाल बघून म्हणायचे, "तुमचं तिकडं." मनीषा एकदा वैतागून म्हणाली, "माय, मधी एखादं बाकडं टाकायला सांग, मी तिथंच बसते."

औषध लाल रंगाचं. ते नळीतून उतरायला लागलं की मनीषा पोटावर दोन्ही हात ठेवायची, जसं काही औषधाला सांगते आहे की इथून वळ. मी खुर्चीपासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून खुर्चीपर्यंत. शेजारच्या खुर्चीतल्या परतूरच्या आजीबाई म्हणाल्या, "अहो बाई, तुमच्याकडं बघून माझंच सलाईन जल्दी पळायला लागलं."

केस दुसऱ्या औषधानंतर गेले. उशीवर आले, मग न्हाताना हातात. तिनं गजाननलाच मशीन आणायला लावलं. तो मोटारीच्या तारा कापणारा माणूस, पण त्या दिवशी मशीन चालू करून नुसताच उभा राहिला. तीच म्हणाली, "अहो, तार न्हाई ती, तुटली तर परत येती."

सगळ्यात मोठा आधार सोनोग्राफीचा. डॉक्टरीण बाई आवाज मोठा करायच्या. लेकराचं काळीज धडधड धडधड पळतंय. कारखान्याच्या वसाहतीत राहणाऱ्या माणसाला आवाजाची भीती नसते. गाळप चालू असलं की रात्रंदिवस घरघर असते, आम्ही तिच्यातच झोपतो. आवाज बंद पडला की मात्र सगळी वसाहत जागी होते. तसं मला झालं. दोन फेऱ्यांच्या मधले आठवडे मी त्या आवाजाशिवाय कसे काढले, माझं मला ठाऊक.

तेराव्याचं बोलणं

पुढच्या एका फेरीला औषध दिलंच नाही. रक्त उतरलेलं, मनीषाचं वजन उतरलेलं, आणि बाळ जेवढं वाढायला पाहिजे तेवढं वाढलेलं नव्हतं. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "खाल्लं नाही तर मला औषध पुढं ढकलावं लागेल. तुमचा आजार थांबणार नाही आणि बाळही लहान राहील. काहीही खा, पण पोटात गेलं पाहिजे."

खाणार कसं? तोंडात फोड. प्रत्येक गोष्टीला लोखंडाची चव. गयाबाई शिरा करायच्या, मी अंगणात पेज करायची, गजानन केळी आणायचा. ती ताट सरकवायची. मी समजावलं, रागावले, हात जोडले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

मग एका दुपारी गयाबाईंनी ज्वारीच्या कण्या शिजवून गार केल्या, घरचं ताजं ताक घातलं आणि वाटी तिच्यापुढं ठेवली. मी चमचा घेऊन बसले. "मने, एक घास. लेकरासाठी."

ती म्हणाली, "तू खा."

"मी माझं खाल्लं बाई, अंगणात."

"अंगणात न्हाई. इथं. माझ्या घरातलं."

"लेकरू झालं की खाईनच की."

 मग ती एवढ्या शांतपणे म्हणाली की मला आधी कळलंच नाही काय म्हणाली. "आन न्हाई झालं तर? माझ्या घरातला पहिला घास माझ्या तेराव्याला खाशील का, माय?"

गयाबाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. मी उठले. दारापर्यंत गेले, परत आले. माझ्या मनात एकच भीती. आता खाल्लं तर मी कबूल केल्यासारखं होईल की लेकरू होणार नाही, आता वाट बघण्यात अर्थ नाही. आणि नाही खाल्लं तर ही खात नाही. दोन्हींतलं कोणतं पत्करायचं?

गयाबाईंकडं बघितलं. रीत त्यांच्या घराच्या लेकरासाठी होती. नवस त्यांचा होता. त्या नको म्हणाल्या असत्या तर मी काय केलं असतं, मला आजही सांगता येत नाही.

त्या गुडघा धरत खाली बसल्या. दुसरी वाटी घेतली नाही. मनीषाच्याच वाटीत चमचा घातला, माझ्यापुढं धरला आणि म्हणाल्या, "खा. सहा वर्षं माझ्या हातात काय इख होतं का?"

मी खाल्लं. कण्या गार, ताक गोड, मीठ कमी. माझ्या डोळ्यातून पाणी येत होतं तरी मी सांगितलं, "मीठ कमी हाय."

"सहा वर्षांनी तोंड लावलं आन पहिलं मीठच काढलं," गयाबाई म्हणाल्या. "तोंडात फोड हायेत तिच्या. मीठ कसं घालू?"

मनीषा हसली. हसताना फोड ताणले म्हणून कळवळली, आणि मग तिनं चमचा घेतला. दोन घास तिचे, एक माझा, एक गयाबाईंचा. वाटी संपली नाही. अर्धी झाली.

हा काही चमत्कार नव्हता. त्याच संध्याकाळी तिला उलटी झाली. पण दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "आज काय खायचं आपण?" आपण म्हणाली. तेव्हापासून आम्ही तिघी एकाच भांड्यात जेवायला लागलो. माझा स्टो गजाननानं कोपऱ्यातून उचलला आणि माळ्यावर टाकला, मला न विचारता. पुढच्या फेरीला औषध सुरू झालं. बाळ थोडं का होईना, वाढलं होतं.

कुणाच्या घरी अशी रीत असेल तर मी मोडा म्हणत नाही, पाळा म्हणत नाही. एवढं सांगते की आजारी माणसापुढं नुसतं ताट ठेवू नका. त्याच्या बरोबर बसा.

काचेची पेटी

दिवस पुरे व्हायच्या आधीच डॉक्टरांनी तारीख ठरवली. औषधाला मध्ये विश्रांती दिली आणि ऑपरेशन करून बाळ काढलं. मुलगी. लहानशी, मांजराच्या पिल्लाएवढी, पण रडली. डोक्यावर हे जावळ. आईच्या डोक्यावर एक केस नाही आणि हिला वेणी घालावी एवढे. गजानन दोघींकडं आळीपाळीनं बघायचा. म्हणाला, "मामी, हिनं बराबर हिशेब घेतला."

ती काही दिवस काचेच्या पेटीत राहिली. पण खरं अवघड पुढंच होतं. औषध परत सुरू होणार म्हणून अंगावर पाजायचं नव्हतं. दूध जिरवायची गोळी दिली होती, तरी दूध आलं. पदर भिजायचा. लेकरू जवळ घेतलं की ते तोंडानं शोधायचं, आणि मनीषा मान फिरवायची. आजाराला ती एवढी रडली नव्हती. "ज्या दुधाचा सगळ्यांनी आनंद केला ते कुठं हाय आता," असं म्हणाली.

 गयाबाई गुडघे दुखत असून त्या दिवशी दवाखान्यात आल्या होत्या. त्या पलंगावर टेकल्या. "तुझ्या नवऱ्याला मी एक दिस पाजलं न्हाई. बाळंतपणात मला ताप भरला, दूध आलंच न्हाई. शेळीच्या दुधावर वाढलाय तो."

मनीषानं डोळे पुसले. "कधी बोलल्या न्हाईत आत्या."

"काय बोलायचं? म्हणून तर असा उड्या मारत चालतो."

गजानन बाहेर होता. मनीषानं त्याला चालताना काचेतून बघितलं आणि तिला हसू आवरेना. मग तिनं लेकराला उजव्या कुशीत घेतलं, वाटी-चमच्याचं दूध मागवलं आणि स्वतः पाजलं.  अर्धं दूध दुपट्यावर सांडलं. आम्ही दोघी इहिणी एकमेकींचा हात धरून गप उभ्या राहिलो, कारण मध्ये घातला असता तर तिनं झिडकारला असता.

तसंच

आता लेकरू भिंत धरून उभं राहतं. मनीषाचं औषध चालूच आहे, दुसरं, सौम्य. मणक्याला रेडिएशनचा शेक दिला. थकते, चिडते, कधी दुपारभर भिंतीकडं तोंड करून पडते. तेव्हा आम्ही लेकरू तिच्याजवळ सोडतो आणि बाहेर जातो.

मधून मधून मोठी तपासणी असते. परवा झाली. तपासणीच्या आधीचा आठवडा घरात कुणी कुणाशी नीट बोलत नाही. मी झाडलेलं परत झाडते. डॉक्टरीण बाईंनी फोटो बघितले आणि म्हणाल्या, "तसंच आहे."

गयाबाईंनी मला ढोसलं. "तसंच म्हंजी चांगलं का वाईट?"

मनीषाच म्हणाली, "आत्या, वाढलं न्हाई. आपल्याला तसंच पाहिजे."

"मंग पेढे वाटायचे का न्हाई ते सांग."

"न्हाई. चहा पिऊ."

चहा प्यालो. येताना जालन्याला उतरलो, मंठ्याच्या गाडीला वेळ होता. मनीषा कपड्याच्या दुकानात शिरली. लेकराला फ्रॉक घ्यायचा म्हणाली. दुकानदारानं लेकराकडं बघून मापाचा काढला. तिनं तो बाजूला केला. "मोठा दाखवा." त्यानं मोठा काढला. "अजून मोठा." दुकानदार म्हणाला, "ताई, हा शाळेत जाणाऱ्या पोरीचा आहे."

"तोच द्या."

मी म्हणाले, "मने, आत्ता अंगात राहील असा घे की. तो कधी घालायचा?"

ती पिवळा फ्रॉक हातात धरून लांबी बघत होती. म्हणाली, "ती एवढी होईल तवा. मीच घालीन."

गयाबाईंनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. मग त्या दुकानदाराला म्हणाल्या, "खाली दुमड हाय का रे? पुढं उसवून वाढवता आला पाहिजे."

मी पिशवी घेतली आणि गाडी लागली का ते बघायला पुढं निघाले. मला तिथं उभं राहवत नव्हतं.